युद्ध, व्हिप आणि फुटबॉल क्लब: या तिन्हीत आपल्याला विचारतं कोण?

कर्वेनगर_रात्रपाळी

मंडळी एक प्रश्न आहे, जरा लांबण लागेल पण नीट वाचून उत्तर द्या. भारताने उद्या कुठे युद्ध करायचं ठरवलं किंवा बाहेरच्या देशात फौज पाठवायची ठरवली तर संसदेत त्यावर मतदान व्हावं लागतं का? ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं, एकजण म्हणतो राष्ट्रपती ठरवतात, एकजण म्हणतो पंतप्रधान, एकजण म्हणतो आधी सुटी मंजूर करून घे मग देशाचं बघू.

डोक्यात आलं ते अमेरिकेवरून. २२ जून २०२५ ला त्यांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तिथल्या संसदेची मंजुरी घेतली नव्हती. मग सिनेटमध्ये ठराव आला की इराणविरुद्ध पुढची लढाई आमच्या मंजुरीशिवाय नको, तो ४७ विरुद्ध ५३ ने पडला. आणि कोणी कुठे मत दिलं ते बघितलं तर मधोमध पक्षाची रेघ, रिपब्लिकनांमधून एकटे रँड पॉल ठरावाच्या बाजूने, डेमोक्रॅटांमधून एकटे फेटरमन विरोधात, बाकी सगळे आपापल्या गोटात. म्हणजे घटनेत लिहिलंय की युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा, वर १९७३ चा वेगळा कायदा आहे, तोही निक्सनचा नकाराधिकार मोडून केलेला, सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवा, ६० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर माघारी आणा, सगळं कागदावर आहे, आणि तरी वेळ आली की तिथला सभासद बघतो काय तर खुर्चीवर आपला माणूस बसलाय की त्यांचा. २०११ मध्ये लिबियावर विमानं गेली तेव्हा साठ दिवस उलटल्यावर ओबामांच्या सरकारने सांगितलं की त्या कायद्याला अपेक्षित आहे तशी ही लढाई नाही, तेव्हा बहुतेक डेमोक्रॅट गप्प आणि बरेच रिपब्लिकन ओरडत होते. आता बरोब्बर उलटं.

मला याचा राग येतो, खरंच येतो. पहलगामला २२ एप्रिलला जी माणसं मारली त्यात आपल्या पुण्याची होती, सगळं शहर हादरलं होतं, ऑपरेशन सिंदूर मला तेव्हा योग्य वाटलं आणि आजही वाटतं. पण कारवाई झाली ७ मे ला, थांबली १० मे ला आणि लोकसभेत त्यावर चर्चा झाली २८-२९ जुलैला. मधे अडीच महिने. सर्वपक्षीय बैठका झाल्या पण त्या बंद दाराआड, त्यात कोण काय बोललं ते मतदाराला कळणार कसं? आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी साधं विचारलं की विशेष अधिवेशन का नाही, तर लगेच तू कुठल्या पक्षाचा, कुणाचा भक्त, कुणाचा चमचा. प्रश्न राहिला बाजूला.

दुसरं म्हणजे फुटबॉल. एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद झाली आणि लीगमधली तिची जागा हैदराबाद एफसीला गेली. बालेवाडीच्या स्टेडियमला जाणाऱ्या लोकांना कोणी विचारलं होतं? जर्मनीत म्हणे क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून जास्त मतं ठेवावीच लागतात. मला हे दोन्ही विषय एकच वाटतात, ज्याचं सगळ्यात जास्त जाणार आहे त्याला शेवटी पेपर वाचून कळतं. कायद्यातले, फौजेतले, फुटबॉलवाले कोणी असतील तर लिहा. फक्त 'सगळे पक्ष सारखेच' एवढं लिहून जाऊ नका प्लीज.

शिवाजीनगर_कोर्टवाली

थेट उत्तर आधी देते. नाही, मतदान लागत नाही.

आपल्या घटनेत संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, अनुच्छेद ५३(२), आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे खरा निर्णय पंतप्रधान आणि सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचा. 'युद्ध आणि शांतता' हा विषय सातव्या परिशिष्टाच्या केंद्रसूचीत पंधराव्या क्रमांकावर आहे, म्हणजे संसदेने मनात आणलं तर ती यावर कायदा करू शकते, पण अमेरिकेसारखा कायदा आपण केलेलाच नाही. संसदेची मंजुरी कुठे लागते तर आणीबाणीला. अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणी जाहीर झाली तर एका महिन्यात दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मान्यता द्यावी लागते, हे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कडक केलं. आणि पैशाला लागते, पुरवणी मागण्या संसदेतूनच जातात. पण गोळी झाडायला नाही लागत.

आता माझं मत. लोक म्हणतात अमेरिकेसारखा कायदा करा. मी म्हणते उद्या केलात तरी आपल्याकडे त्याचा उपयोग शून्य, कारण व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट. पक्षाने आदेश काढला आणि खासदाराने उलटं मत दिलं किंवा नुसता गैरहजर राहिला आणि पंधरा दिवसांत पक्षाने माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. तिकडे अमेरिकेत रँड पॉल यांनी पक्षाविरुद्ध मत दिलं, पक्षात शिव्या खाल्ल्या असतील, पण दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये आपल्या जागेवर बसले. ब्रिटनचं उदाहरण अजून चांगलं आहे, ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावर कारवाई करायचा कॅमेरून सरकारचा ठराव २८५ विरुद्ध २७२ ने पडला आणि तो पाडणाऱ्यांत तीस खासदार त्यांच्याच पक्षाचे होते. कोणाची खासदारकी गेली नाही. आपल्याकडे तीस जणांनी असं केलं असतं तर सगळे घरी.

आणि हे आपल्याकडे पहिल्यापासून असं नव्हतं हो. १९६२ आठवा. चिनी फौजा आत आल्या होत्या, लढाई चालू होती, आणि अटल बिहारी वाजपेयींसह विरोधकांनी अधिवेशन मागितलं तर नेहरूंनी ते अलीकडे आणून ८ नोव्हेंबरला बोलावलं. गुप्त बैठक घ्या अशी सूचना आली तीसुद्धा त्यांनी मानली नाही, उघड चर्चा झाली, सरकारवर सडकून टीका झाली. त्याच्या आधीच काँग्रेसच्या स्वतःच्या खासदारांनी रेटा लावून कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रीपदावरून जायला लावलं होतं. स्वतःच्या पक्षाच्या खासदारांनी, लढाई चालू असताना! आणि त्या जागी आपले यशवंतराव गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेपासून ऐकतो, भाषणात टाळ्या घेतो, पण सह्याद्रीला ती हाक गेली कारण सत्ताधारी बाकांवरच्या माणसांना तेव्हा तोंड उघडायची सोय होती हे कोणी सांगत नाही.

पक्षांतर थांबवायला व्हिपचा कायदा केला म्हणतात. थांबलं का? आपण महाराष्ट्रात राहतो, जून २०२२ आणि जुलै २०२३ डोळ्यांनी बघितलंय. शिवसेनेच्या प्रकरणात विधानसभा अध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये दोन्हीकडच्या कोणालाच अपात्र ठरवलं नाही. म्हणजे चाळीसजण मिळून गेले तर आमदारकी टिकते आणि एकटा माणूस विवेकाने एका ठरावावर वेगळं मत द्यायला गेला तर त्याच्या डोक्यावर टांगती तलवार. मी कुठल्या गटाची बाजू घेत नाहीये, कायदा कोणाला पकडतो आणि कोणाला सोडतो ते सांगतेय.

पाषाण_टेकडी

ताई तुमचं कायद्याचं बरोबर असेल पण युद्ध म्हणजे गणपती मंडळाची मीटिंग नाही. समोरचा दोन तासांत विमानं उडवणार आणि आपण ५४३ जणांना बोलावून भाषणं ऐकायची? गुप्तता नावाची गोष्ट आहे की नाही. सर्जिकल स्ट्राइक आधी संसदेत मांडला असता तर पलीकडे चहा पीत वाट बघत बसले असते. कारगिलच्या वेळी तर लोकसभाच नव्हती, एप्रिल १९९९ ला सरकार एका मताने पडलं होतं, काळजीवाहू सरकारने युद्ध लढलं आणि जिंकलं. तेव्हा मतदान कुठे झालं? काही अडलं का?

आणि खासदारांना मोकळं सोडलं की विवेक जागा होतो हे मला पटत नाही. १९६७ नंतरचं आयाराम गयाराम वाचा, म्हणून तर हा कायदा आला. आपल्या माणसांना जरा ओळखून बोला.

शिवाजीनगर_कोर्टवाली

@पाषाण_टेकडी आधी विचारा असं मी म्हटलेलंच नाही. अमेरिकेचा १९७३ चा कायदासुद्धा व्यवहारात नंतर कळवा, नंतर मंजुरी घ्या असाच चालतो. जर्मनीत तर अजून स्पष्ट आहे, १९९४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की सशस्त्र फौज बाहेर पाठवायची तर बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी हवी, २००५ मध्ये त्याचा कायदा झाला, पण तातडी असेल तर सरकार फौज हलवू शकतं आणि मागाहून मंजुरी मागतं, नाही मिळाली तर परत आणायची. गुप्ततेचं म्हणाल तर आपल्या लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद पहिल्यापासून आहे, नियम २४८. वापरायची इच्छा पाहिजे.

कारगिलचं तुम्ही म्हणता ते खरंय, लोकसभा विसर्जित होती. पण राज्यसभा विसर्जित होत नसते, ती होती. विरोधकांनी राज्यसभेचं विशेष अधिवेशन मागितलं, ते बोलावलं गेलं नाही.

आयाराम गयारामचं उत्तर सुप्रीम कोर्टानेच दिलंय. १९९२ चा किहोतो होलोहान निकाल, त्यात कायदा वैध ठरवला पण सोबत हेही म्हटलं की व्हिप हा विश्वासदर्शक ठराव किंवा ज्या मुख्य धोरणावर पक्षाने मतं मागितली अशा विषयांपुरता ठेवावा. त्याच्या आधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनेही असंच सांगितलं होतं. सरकार पाडायला पैसे घेऊन कोणी जाऊ नये, एवढ्यासाठी व्हिप ठेवा की, कोण नाही म्हणतंय.

दिघीचा_माजी_सुभेदार

मी सहसा लिहीत नाही, मुलगी टाइप करून देतेय. मी श्रीलंकेत होतो, शांतिसेनेत, सिग्नलमध्ये. त्यामुळे या विषयावर मला बोलायचंय.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि फौज लगेच हलली. या शहराचा त्याच्याशी थेट संबंध आहे, कारण ती सगळी मोहीम दक्षिण कमांडकडे होती आणि दक्षिण कमांडचं मुख्यालय आपल्या कॅम्पात आहे. लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग तेव्हा आर्मी कमांडर होते. आम्हाला सांगितलं होतं शांतता राखायला चाललोय, तमिळ टायगर हत्यारं जमा करणार, आपण मधे उभं राहायचं. सुरुवातीला लोकांनी हार घातले. ऑक्टोबर उजाडला आणि ज्यांची हत्यारं जमा करून घ्यायची त्यांच्याशीच लढाई सुरू. जाफना विद्यापीठात रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या आपल्या जवानांचं काय झालं ते फौजेतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता बघा, मोहीम पूर्ण बदलली. शांतता राखायला जाणं वेगळं आणि लढायला जाणं वेगळं. ज्या दिवशी ते बदललं त्या दिवशी दिल्लीत कोणी उभं राहून देशाला विचारलं पाहिजे होतं की आता हे असं झालंय, पुढे जायचं का. संसदेत प्रश्न झाले, निवेदनं झाली, पण हो का नाही असं मत कोणी दिलं नाही. सरकारकडे चारशेच्या वर खासदार होते आणि वकीलताई म्हणतात तो व्हिपचा कायदा दोन वर्षांपूर्वीच झालेला होता. कोण बोलणार?

आम्ही तिकडे वाळूच्या पोत्यावर ट्रान्झिस्टर ठेवून बातम्या ऐकायचो, एरियलला तांब्याची तार जोडून झाडावर फेकलेली असायची, सिग्नलवाल्यांकडे तारेला तोटा नव्हता. घरची अंतर्देशीय ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावर यायची, बायको लिहायची की इकडे पेपरात रोज बोफोर्स, तुमचं आत कुठेतरी चार ओळी. ते वाचून जवान गप्प व्हायचा. गोळीचं आम्हाला काही वाटत नव्हतं, ती नोकरी आहे, शपथ घेतलीय. पण आपण इथे आहोत हे तिकडे कोणाच्या लक्षात आहे का, हे मनात यायचं.

सुमारे बाराशे जवान गेले. १९८९ ला दिल्लीत सरकार बदललं, मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली आणि तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. एका सरकारने पाठवलं, दुसऱ्याच्या काळात परतलो, आणि त्या दोघांच्या मधे जवानाला आपलं म्हणणारं कोणी नाही. कोणता पक्ष बरोबर ते मला विचारू नका, मी तीस वर्षं मत पोस्टाने दिलंय आणि ते कोणाला दिलं ते बायकोला पण सांगितलं नाही.

माझी मागणी एवढीच. पहिला निर्णय सरकारने घ्यावा, पाषाणवाले साहेब म्हणतात तसं वेळ नसतो. पण मोहिमेचा हेतू बदलला की सरकारने सदनात परत यावं आणि नवीन परवानगी घ्यावी. पाठवताना सांगितलं एक आणि करून घेतलं दुसरं, हे पुन्हा कोणत्या पलटणीच्या वाट्याला येऊ नये.

पाषाण_टेकडी

सुभेदार साहेब, तुम्हाला मनापासून नमस्कार. हेतू बदलला की परत या, हे मला मान्य आहे. पहिल्या कारवाईवर मतदान मात्र नको, त्यावर मी ठाम आहे.

बालेवाडी_ईस्टस्टँड

फुटबॉलचं कोणी बोलतच नाहीये म्हणून मी लिहितो, मूळ प्रश्नातला तो भाग मला फार लागलाय.

पुण्यात दहा-बारा वर्षांत चार क्लब आले आणि गेले. पुणे एफसी, २००७ ची, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, दुसरी आली, चर्चिल ब्रदर्सच्या मागे, मामुर्डीला त्यांची अकादमी होती जिथून खरंच पोरं तयार होत होती. भारत एफसी, एक सीझन. डीएसके शिवाजीयन्स, आय-लीगचे दोन सीझन. आणि एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९. पहिल्या वर्षी त्रेझेगे, विश्वचषक जिंकलेला माणूस, आपल्या बालेवाडीत खेळला. २०१७-१८ ला मार्सेलिन्हो आणि अल्फारो असे काही खेळले की पहिल्यांदाच सेमीफायनल गाठली, बालेवाडीत बेंगळुरूला ०-० रोखलं आणि परतीच्या मॅचला छेत्रीने हॅटट्रिक मारली, ३-१. दीड वर्षात क्लबच नाही. चारही वेळा कारण एकच, मालकाचं गणित जमेना. त्याचे पैसे होते, त्याने बंद केलं, कायद्याने त्याला कोणी काही म्हणू शकत नाही. पण हायवेच्या कडेचं ते स्टेडियम, परत यायला पीएमपी मिळेना म्हणून वाकडपर्यंत चालत आलेली पोरं, घरी शिवलेले भगवे झेंडे, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

जर्मनीचं मूळ लेखकाने लिहिलंय ते खरंय, ५०+१ म्हणतात, १९९८ पासून आहे, गुंतवणूकदार आला तरी बहुमत मूळ क्लबच्या सभासदांकडे राहिलं पाहिजे. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, लाइपझिगने पळवाट काढली म्हणून तिथे त्यांच्यावर राग आहे. पण नियमाचा उपयोग बघा, डिसेंबर २०२३ ला लीगने ठरवलं की मीडिया हक्कांच्या कंपनीतला आठ टक्के हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा. प्रेक्षकांनी प्रत्येक मॅचला मैदानात टेनिस बॉल फेकायला सुरुवात केली, चॉकलेटची नाणी फेकली, खेळ थांबायचा, गोलकीपर वाकून बॉल गोळा करतोय, पुन्हा सुरू, पुन्हा बॉल. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो सौदा सोडून दिला. इंग्लंडमध्ये सभासदांना मत नाही तरी एप्रिल २०२१ ला युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगची घोषणा झाली तेव्हा चेल्सीच्या स्टेडियमबाहेर लोकांनी बस अडवली आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. यात लिव्हरपूलवाला आणि युनायटेडवाला एका बाजूला होता. ही गोष्ट मला पक्षांच्या लोकांमध्ये बघायचीय. स्वतःचा पक्ष सोडू नका, पण सभागृहाचा अधिकार जातोय म्हटल्यावर एका बाजूला या.

आणि आपल्या फेडरेशनचं राजकारण तर विचारू नका. दासमुन्शी काँग्रेसचे, त्यांच्यानंतर प्रफुल्ल पटेल राष्ट्रवादीचे, त्यांच्यानंतर कल्याण चौबे भाजपचे, हे निदान स्वतः गोलकीपर होते. सप्टेंबर २०२२ च्या निवडणुकीत समोर बायचुंग भुतिया होता, भारतीय फुटबॉलचा एवढा मोठा माणूस, ३३-१ ने हरला. माजी खेळाडूंना मताचा अधिकार द्यायचं आधी ठरलं होतं, फिफाने आक्षेप घेतला आणि तो काढला गेला, मतं फक्त राज्य संघटनांची. त्याच ऑगस्टमध्ये फिफाने आपल्याला अकरा दिवस निलंबित केलं होतं. मग जुलै २०२५ ला आयएसएलचा, म्हणजे एफसी पुणे सिटी खेळायची त्या लीगचा, सीझनच थांबवला कारण फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा २०१० चा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं कोणी ठरवलेलंच नव्हतं. पंधरा वर्षांचा करार कधी संपणार हे पंधरा वर्षं माहीत होतं ना?

रंकाळ्याचा_पुण्यात

भावा जर्मनीला कशाला जायचं, कोल्हापूरला ये की. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, सगळ्या तालमीच्या टीम. पेठेतल्या लोकांच्या वर्गणीवर चालत्यात, मालक कोण न्हाई. शाहू स्टेडियमला मॅच असली की दुकानं अर्धी बंद. आमच्यात क्लब उचलून हैदराबादला न्यायचा म्हणशील तर पेठेतनं बाहेर पडून दाखव. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव आमचाच.

पण एक सांगतो, तिथंपण सगळं गोड न्हाई. नेत्यांना माहितीय की तालीम म्हणजे पेठेची मतं, म्हणून चषकाला पैसे त्यांचे, बक्षीस त्यांच्या हातनं, निवडणुकीला पोरं त्यांच्या मागं. आणि मैदानातली भांडणं रस्त्यावर येत्यात, दगड पडत्यात, कितीदा पोलिसांनी काठ्या चालवल्यात. लोकांच्या हातात दिलं की आपोआप चांगलं होतंय असं न्हाई. तरीपण मला विचारशील तर क्लब जिवंत हाय हे मोठं. पुण्यात स्टेडियम चकाचक आणि आत कोण न्हाई.

कर्वेनगर_रात्रपाळी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सुभेदार काका, तुमचं लिहिलेलं मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं, बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी विचारलं की बाराशे जवान गेले हे आम्हाला तेव्हा कसं कळलं नाही.

@कोर्टवाली ताई शेवटचं एक विचारतो. हे बदलायचं तर नेमकं काय करावं लागेल? खासदाराला पत्र लिहायचं तर काय लिहू? 'व्हिप रद्द करा' असं लिहिलं तर केराच्या टोपलीत जाईल.

शिवाजीनगर_कोर्टवाली

दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

व्हिपची व्याप्ती कमी करायची तर दहावं परिशिष्ट बदलावं लागेल, म्हणजे घटनादुरुस्ती, हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांनी. खासदार शुक्रवारी खासगी विधेयक मांडू शकतो, काहींनी मांडलीही आहेत, पण ती पुढे सरकत नाहीत, आणि त्या दुरुस्तीवरच्या मतदानालाही व्हिप लागणारच. पक्षाच्या वरच्या लोकांनी स्वतःचा चाबूक खाली ठेवायचं कबूल केलं तरच ते होईल. त्यासाठी पत्र लिहा, पण उत्तराची वाट बघत बसू नका.

दुसरं सोपं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. लोकसभा आपले कामकाजाचे नियम स्वतः करते, घटनेला हात लावावा लागत नाही. पत्रात एवढंच मागा: सैन्य कारवाई सुरू झाल्यावर ठरावीक दिवसांत सरकारने सदनात निवेदन करावं, अधिवेशन नसेल तर बोलावण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे करावी, गरज वाटली तर गुप्त बैठक घ्यावी, आणि सुभेदार काका म्हणतात तसं मोहिमेचा हेतू बदलला तर नव्याने चर्चा. सुरुवातीला मतदान मागू नका, चर्चा मागा, म्हणजे पाषाणच्या साहेबांसारख्या लोकांचाही पाठिंबा मिळेल आणि कोणी तुम्हाला पक्षाचा शिक्का मारू शकणार नाही. पत्र मराठीतच लिहा, पुण्याच्या खासदारांच्या कार्यालयात हाताने नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मसुदा मी रविवारी इथेच टाकते, ज्याला बदल सुचवायचे त्याने खाली लिहा.